तीन पाठांचा मासा

अ‍ॅडलेडच्या आमच्या मराठी मंडळात मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "अहो, ताजा मासा ओळखायचा कसा?" मी माशांवर काम करते, एवढीच बातमी लोकांपर्यंत पोचलेली असते. मी मासे खात नाही, शिजवत नाही, आणि सेंट्रल मार्केटात माशांच्या गाळ्यांपाशी आले की श्वास रोखून पुढे जाते, असे सांगितले की विचारणारा माझ्याकडे संशयाने पाहू लागतो. त्याचे चुकत नाही. ज्या जातीच्या माशावर मी गेली आठ वर्षे काम करते आहे, तो मी जिवंत असा एकदाच पाहिला. बाकीचा सारा काळ मी त्याला पडद्यावर, चार अक्षरांच्या न संपणाऱ्या ओळींत पाहत आले आहे. त्या एका भेटीबद्दल लिहावे की लिहू नये, याचा विचार मी बरेच दिवस करत होते. त्यात माझी बाजू फारशी शोभादायक नाही.

या क्षेत्रात मी फार उशिरा आले. संख्याशास्त्राची पदवी घेऊन नंतर मी संस्कृतकडे वळले, आणि पुण्यातल्या एका संस्थेत चौदा वर्षे हस्तलिखिते ताडून पाहण्याचे काम केले. एकाच ग्रंथाच्या दहा-वीस पोथ्या पुढ्यात घ्यायच्या. कुठल्या ओळीत कुठल्या पोथीचा शब्द वेगळा आहे ते टिपायचे. अशा प्रत्येक वेगळ्या रूपाला पाठ म्हणतात. कोणता पाठ मूळचा आणि कोणता लेखनिकाच्या डुलकीतून आलेला, हे विद्वान ठरवीत. माझ्याकडे फक्त टिपण्याचे काम होते आणि मला ते फार आवडत असे, कारण त्यात कुणाशी बोलावे लागत नसे.

पुढे यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. इथे पोथ्या नव्हत्या. पंचेचाळिसाव्या वर्षी मी मॉसन लेक्सच्या विद्यापीठात पुन्हा विद्यार्थिनी झाले. वर्गातली हैदराबादची, लुधियान्याची मुले पहिल्या दिवशी मला शिक्षिका समजून उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून मी सर्वांची आंटी झाले. संगणकाला आज्ञा लिहिण्याची भाषा शिकताना मी घरी दार लावून बसत असे. चूक झाली की यंत्र तांबड्या अक्षरांत ओरडे, आणि ते मुलीने पाहू नये असे मला वाटे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी किनाऱ्याजवळच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. काम होते यलोटेल किंगफिश नावाच्या माशाचा जीनोम जुळवण्याचे. आपल्याकडे हॉटेलांत किंगफिश म्हणून सुरमई मिळते. हा तो मासा नव्हे. हा पिवळ्या शेपटीचा, निळसर पाठीचा, समुद्रात पिंजरे टाकून वाढवला जाणारा मासा. जपानी उपाहारगृहांत त्याचे कच्चे काप मोठ्या कौतुकाने खातात, असे ऐकून आहे.

जीनोम जुळवणे म्हणजे काय, हे मी माझ्या जुन्या धंद्याच्या भाषेत सांगते. दुसरी भाषा मला अजून नीटशी आलेली नाही. प्रत्येक जीव स्वतःच्या घडणीचा एक ग्रंथ पेशीपेशीत बाळगतो. तो चारच अक्षरांत लिहिलेला असतो, पण अक्षरे कोट्यवधी. हा ग्रंथ सलग वाचू शकेल असे यंत्र अजून निघालेले नाही. म्हणून त्याच्या असंख्य प्रतींचे तुकडे करून ते यंत्रात घालतात. यंत्र प्रत्येक तुकडा वाचते, थोडे चुकीचे वाचते, आणि सगळे तुकडे कसलाही क्रम न लावता आपल्यापुढे ओतते. ज्या दोन तुकड्यांची टोके सारखी आहेत ते एकमेकांना जोडायचे, असे करत करत पूर्ण ग्रंथ उभा करायचा. जोडण्याचे काम संगणक करतो. त्याने खोटे तर जोडले नाही ना, हे पाहायला माझ्यासारखे कुणी लागते. ग्रंथ एकदा हाती आला की कोणता मासा लवकर वाढेल, कोणता रोगाला बळी पडेल, हे त्याच्या पिल्लूपणीच ताडता येईल, अशी मत्स्यपालकांना आशा असते.

आणखी एकच गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. हा ग्रंथ प्रत्येक जिवाकडे दोन प्रतींत असतो, एक आईकडची आणि एक बापाकडची. त्यामुळे ग्रंथातली कोणतीही जागा घेतली तरी तिथे पाठ फार तर दोन सापडतात. म्हणूनच आमच्या कामाचा पहिला नियम असा, की नमुना एकाच माशाचा हवा. दोन माशांचे रक्त मिसळले की पाठ वाढतात, संगणक गोंधळतो, आणि जो ग्रंथ तयार होतो तो जगातल्या कोणत्याच माशाचा नसतो.

पहिल्याच महिन्यात माझी फजिती झाली. तुकड्यांमध्ये मला एक असा तुकडा सापडला की जो कोणत्याही ज्ञात माशात नव्हता. मी तीन दिवस तो तपासला आणि आमच्या प्रमुख हेलनबाईंना एक लांबलचक ईमेल लिहिली. मात्र पाठवण्याचे धैर्य होईना. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या कौस्तुभला नुसता तो तुकडा दाखवला. कौस्तुभ नाशिकचा, विद्यार्थी म्हणून आला आणि इथलाच झाला. रक्तातून डीएनए वेगळा करण्याचे काम त्याच्याकडे होते. वयाने माझ्याहून सतरा वर्षांनी लहान, अनुभवाने दहा वर्षांनी मोठा. त्याने पडद्याकडे पाहिले, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, "ताई, कॉफी घेऊ या. बाहेर."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर तो हळूच म्हणाला, "तो तुकडा माशाचा नाहीये. मशीन नीट वाचतंय का ते चेक करायला कंपनीवाले एका व्हायरसचा डीएनए मुद्दाम टाकतात. तो सगळ्यांच्याच डेटात निघतो. हेलनला पाठवलंत का काही?"

"ड्राफ्टमध्ये आहे."

"मग डिलीट मारा. नो वरीज. मी पण पहिल्या वर्षी ह्यालाच फसलो होतो. मी तर नाशिकला फोन करून सांगितलं होतं. आईने पेढे वाटले."

मी ती ईमेल पुसून टाकली. आजतागायत हा प्रसंग त्याने कुणाला सांगितलेला नाही. मी मात्र त्या दिवसापासून ठरवले, की या धंद्यात कशावरही विश्वास ठेवायचा नाही. यंत्र फसवते, संगणक फसवतो, नळीवरची चिठ्ठीही फसवते. हेलनबाईंना माझा हा स्वभाव आवडू लागला. "वसुधाच्या नजरेखालून गेलं म्हणजे खरं असणार," असे त्या बैठकीत म्हणत, आणि मी मान खाली घालून सुखावत असे.

जिच्यापासून ग्रंथ तयार करायचा ती मादी इथल्याच एका आखाताकाठच्या हॅचरीतली होती. हॅचरी म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्ले तयार करण्याची जागा. तिथे पैदाशीचे मासे सांभाळणाऱ्या डॅरेन नावाच्या गृहस्थाने तिचे रक्त दोन नळ्यांत भरून पाठवले होते. सोबतच्या चिठ्ठीवर तिचा क्रमांक होता आणि खाली "डचेस, बेस्ट लुकिंग शीला इन द टँक" असा शेरा. शीला म्हणजे इथल्या बोलीत बाई. मला तो शेरा शास्त्रीय कामाला शोभणारा वाटला नाही, आणि डॅरेनबद्दल माझे मत तिथेच थोडे वाकडे झाले. एका नळीतला डीएनए पुरेसा नव्हता, म्हणून कौस्तुभने दोन्ही नळ्यांतला एकत्र करून यंत्रात घातला. अशा कामात हे नेहमीचेच आहे.

संगणकाने अनेक आठवडे घेतले. जुळून आलेला ग्रंथ अपेक्षेपेक्षा बराच लांब होता. माशांमध्ये एकेकदाच आढळणारी काही जनुके असतात. त्यांची हजेरी घेऊन जुळणी तपासतात. आमच्या हजेरीत त्यांतली कितीतरी दोन-दोनदा उपस्थित होती. कुणी म्हणाले, आज्ञावली पुन्हा चालवा. कुणी म्हणाले, मोजमापे बदला. मी जुन्या सवयीने एकेक जागा डोळ्यांनी वाचायला घेतली. चौथ्या दिवशी एका जागी मला तीन पाठ दिसले. मग दुसऱ्या जागी, मग शंभराव्या. एकाच माशात तीन पाठ! नळ्यांमध्ये दोन मासे होते, यात मला शंका उरली नाही. दुसरा मासा कुणी आणला, एवढाच प्रश्न होता.

संशयाला पुरावा हवा असला की तो सापडतोच. मी कौस्तुभची नोंदवही उघडली. दुसऱ्या नळीच्या क्रमांकातला शेवटचा सात गिरवलेला होता, आणि तोही वेगळ्या शाईने. चौदा वर्षे पोथ्या पाहिलेल्या माणसाला वेगळी शाई दिसली की अंगावर काटा येतो. वेगळी शाई म्हणजे नंतरचा हात. कुणीतरी मागाहून येऊन केलेली दुरुस्ती. ज्या शीतपेटीत या नळ्या ठेवलेल्या होत्या, तिच्यात दुसऱ्या कामासाठी आलेल्या किंगफिशच्या आणखी नळ्या होत्या. आणि त्या दिवसांत कौस्तुभची मुलगी सहा महिन्यांची होती. तो लाल डोळ्यांनी कामावर येत असे. माझ्या मनात सगळे तुकडे आपोआप जुळत गेले.

एक तुकडा जुळत नव्हता. पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा एक लहानसा वेगळा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. मासे दोन असते तर इथेही दोन पाठ निघायला हवे होते. मला एकच सापडला. प्रामाणिक माणूस इथे थांबला असता. मी म्हटले, हॅचरीतले मासे. एकाच आईच्या दोन बहिणी असतील. ही तडजोड मला एका मिनिटात सुचली, याची आज लाज वाटते.

कौस्तुभचे टेबल माझ्या टेबलापासून पाच पावलांवर होते. मी उठून त्याला विचारू शकले असते. पण समोरासमोर विचारणे मला जन्मात जमलेले नाही. माझ्यासारखी माणसे लिहितात. मी हेलनबाईंना ईमेल लिहिली. ती अत्यंत सभ्य होती. त्यात कुणावरही आरोप नव्हता. "नोंदवहीतील दुरुस्ती नंतरच्या हाताची दिसते, हे आपल्या निदर्शनास आणावेसे वाटते," एवढेच त्यात होते. या वेळी ती मी ड्राफ्टमध्ये ठेवली नाही. कौस्तुभचा करार दोन महिन्यांनी संपणार होता आणि त्याच्या नूतनीकरणाचा कागद हेलनबाईंच्या टेबलावर होता, हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते असे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले आहे.

डॅरेनलाही मी सोडले नाही. त्याला मी सात प्रश्न पाठवले: रक्त कुणी काढले, कधी काढले, नळ्यांवर चिठ्ठ्या आधी लावल्या की नंतर, त्या वेळी टाकीपाशी दुसरे कोण होते, असे. त्याने सातही प्रश्नांना मिळून एकच उत्तर पाठवले: "ऑल गुड, मेट."

हेलनबाईंनी निर्णय दिला, की मी आणि कौस्तुभने हॅचरीत जाऊन त्याच मादीचे रक्त पुन्हा आणावे, दोघांच्या डोळ्यांसमोर. पहाटे कौस्तुभच्या गाडीतून आम्ही निघालो. चार-साडेचार तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली गव्हाची शेते, मधूनच दिसणारे आखाताचे करडे पाणी. तो एरवी वाटेत गाणी लावणारा, बोलका माणूस. त्या दिवशी त्याने रेडिओसुद्धा लावला नाही. त्याला कळले आहे, हे मला कळले. अर्ध्या वाटेवर एका रोडहाऊसला तो थांबला आणि आइस्ड कॉफीची दोन खोकी नि बटाट्याच्या चिप्स घेऊन आला.

"घ्या, ताई. प्राण्यांच्या चरबीत तळलेल्या नाहीत, विचारलंय मी."

मी एक चिप उचलली.

"एक विचारू?" तो लांब ट्रककडे पाहत म्हणाला. "हेलनला तुम्ही लिहिलंत ना? शाईबद्दल."

मी मान हलवली.

"तो फ्रीझर उणे ऐंशीचा आहे. नळी बाहेर काढली की पाच सेकंदांत बर्फ चढतो, आणि तिथे पेनं मरतात. सात अर्धाच उमटला, म्हणून बाहेर येऊन दुसऱ्या पेनाने गिरवला. एवढंच आहे ते."

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते हेलनने दाखवलं मला. 'नंतरचा हात'. मला आधी वाटलं, मॅनिक्युअरबद्दल आहे." त्याला स्वतःलाही हसू आले नाही. "मला का नाही विचारलंत तुम्ही?"

"मला बोलता येत नाही रे, कौस्तुभ. तुला माहिती आहे."

"लिहिता येतं पण."

त्याने खोके चुरगाळून कचरापेटीत टाकले आणि आम्ही गाडीत बसलो. खरे सांगायचे तर त्या क्षणीही शाईचे ते उत्तर मला जरा जास्तच तयार वाटले. संशयाची सवय अशी असते.

हॅचरी म्हणजे पत्र्याच्या लांबलचक शेड, आत घरघरणारे पंप आणि खारट, ओली हवा. डॅरेन साठीकडे झुकलेला, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला, भुवया उन्हाने पांढऱ्या झालेला माणूस निघाला. त्याचे बोलणे मी मराठीत देते. त्यातली चव अर्थातच जाते.

"तर तूच ती वॅझ!" माझे नाव त्याने पहिल्याच वाक्यात कापून टाकले. "सात प्रश्न! माझ्या घटस्फोटात वकिलाने इतके विचारले नव्हते. मला वाटलं, सहा फुटी पोलिसीण उतरणार गाडीतून."

"सॉरी," मी म्हणाले.

"अगं, सॉरी कसलं? चल, डचेसला भेट."

टाकी आमच्या मंडळाच्या सभागृहाएवढी होती. आत अंधूक उजेडात मासे गोल फिरत होते, आणि त्यांतली एक मादी डोळ्यांत भरावी इतकी मोठी होती. तिच्या अंगावरचा सोनेरी पट्टा मुलामा दिल्यासारखा तुळतुळीत होता. इतके दिवस मी या जातीचा ग्रंथ वाचत होते, पण मुखपृष्ठ प्रथमच पाहिले. डॅरेनने आणि त्याच्या एका सहकाऱ्याने तिला जाळ्याच्या झोळीत घेतले आणि गुंगीच्या पाण्यात सोडले. त्या पाण्याला चक्क लवंगेचा वास होता. औषध लवंगेच्याच तेलातून काढतात म्हणे. ती शांत झाल्यावर डॅरेनने तिच्या पाठीवरून वाचकयंत्र फिरवले. तिच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवलेली असते. यंत्र वाजले आणि क्रमांक आला. चिठ्ठीवरचाच होता, सातासकट.

"पुन्हा फिरवता?" मी म्हणाले.

त्याने फिरवले. मी आणखी एकदा म्हटले. त्याने पुन्हा फिरवले.

"तिसऱ्यांदाही डचेसच निघाली, मेट."

कौस्तुभने तिच्या शेपटीजवळून रक्त काढले. डॅरेन तिला ओल्या फडक्याने झाकत प्रेमाने म्हणाला, "फुकटखाऊ आहे नुसती. सगळ्यांत आधी खायला येते आणि जन्मात एक अंडं घातलेलं नाही."

कशासाठी, ते माहीत नाही, पण माझ्या तोंडून प्रश्न निघाला. "मग तुम्ही हिचं रक्त का पाठवलं?"

"दुसरं कुणाचं पाठवणार? तुमच्या हेलनने मागितला एक मोठा, धडधाकट मासा. बाकीच्या बायका अंडी देतात. त्यांना गुंगी द्यायची, सुई टोचायची, म्हणजे बिथरतात. त्या हंगामाची अंडी गेलीच समज. तुम्हा युनिव्हर्सिटीवाल्यांना नेहमी जी काही कामाची नसते तीच देतो आम्ही. सगळ्या हॅचऱ्या तेच करतात."

"पण ही अंडी का देत नाही?"

"प्रेशर पॉटवाल्यांची आहे ना ही."

कौस्तुभ नळीला बूच लावत होता, त्याचा हात थांबला. "व्हॉट प्रेशर पॉट?"

डॅरेनने सांगितले ते असे. काही वर्षांपूर्वी तिथे एक प्रयोग झाला होता. नुकतीच फळलेली अंडी काही मिनिटे पोलादी भांड्यात प्रचंड दाबाखाली ठेवायची. अंडे त्या वेळी आईकडचा एक जादा संच बाहेर टाकण्याच्या बेतात असते. दाबामुळे तो आतच अडकतो. अशा माशाकडे दोनऐवजी तीन प्रती असतात, दोन आईच्या आणि एक बापाची. तो वांझ निघतो, आणि अंड्यांत जाणारी सारी ताकद अंगाला लागते. प्रयोग पुढे बारगळला. उरलेल्या माशांपैकी डचेस देखणी म्हणून डॅरेनने ठेवून घेतली.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारले. आयुष्यात प्रथमच मी कुणावर आवाज चढवला असेन.

डॅरेन जराही रागावला नाही. "तुझ्या सातांत हा प्रश्न नव्हता, वॅझ."

नव्हताच. माझे सातही प्रश्न डॅरेनबद्दल होते. माशाबद्दल एकही नव्हता. तीन पाठ! मी शेकडो जागा पाहिल्या होत्या, आणि एकाही जागी मला चौथा पाठ सापडला नव्हता. दोन बहिणी असत्या तर कुठे ना कुठे चार सापडले असते. तीनही पाठ दर ठिकाणी सारख्याच प्रमाणात येत होते. दोन नळ्यांतल्या भेसळीत असा समसमान वाटा पडत नाही. आईकडचा तो लहान डीएनए एकच निघत होता. सगळा पुरावा माझ्या पुढ्यात पडलेला होता आणि मी शाई पाहत बसले होते.

कौस्तुभने तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचा ठेवल्या, एकीवर डचेसच्या रक्ताचा थेंब, दुसरीवर एका अंडी देणाऱ्या मादीच्या रक्ताचा. तो डॅरेनने कुरकुरत का होईना, दिला. माशाच्या तांबड्या पेशींत केंद्र असते, आपल्यासारखे ते नाहीसे झालेले नसते. तीन प्रती असल्या की केंद्र मोठे होते आणि पेशीही. "बघा," तो म्हणाला. मी वाकून पाहिले. डचेसच्या पेशी शेजारणीच्या पेशींपेक्षा स्पष्ट मोठ्या, लांबट होत्या. ते पाहायला कोणताही संगणक लागत नव्हता.

"दिसलं?" त्याने विचारले.

"दिसलं," मी म्हणाले. "कौस्तुभ, मी..."

"निघू या. अंधार व्हायच्या आत पोचायचंय. रस्त्यावर कांगारू येतात."

दुसऱ्या दिवशी मी लिहिले नाही. हेलनबाईंच्या दारावर टकटक करून आत गेले आणि उभ्या उभ्या सगळे सांगितले. चूक नळीची नाही, कौस्तुभची नाही, डॅरेनचीही नाही. मासाच तीन पाठांचा आहे. आणि माझी ईमेल चुकीची होती. त्यांनी सारे ऐकून घेतले. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तू तेव्हाच अशी आत यायला हवी होतीस. मी त्याचं नूतनीकरण थांबवून जागेची जाहिरात द्यायला सांगितलं. गेल्या शुक्रवारी ती लागलीही. आता मागे घेता येत नाही. त्याला इतरांसारखा अर्ज करावा लागेल."

दहा वर्षे केलेल्या कामासाठी कौस्तुभने अर्ज केला. स्वतःच्या कामाची माहिती त्याने अनोळखी माणसांपुढे खुर्चीच्या कडेवर बसून सांगितली. दारावरच्या काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. त्या सहा आठवड्यांत त्याची पत्नी मला वेंकटेश्वराच्या देवळात एकदा भेटली. मुलगी तिच्या कडेवर होती. ती इतकेच म्हणाली, "ताई, तुमचं काम कसं चाललंय?" मी प्रसादाच्या रांगेकडे वळले.

जागा त्यालाच मिळाली. डॅरेनने पुढच्या हंगामानंतर एक अंडी देणारी मादी मोठ्या मिनतवारीने दिली, तिचा ग्रंथ नीट जुळला, आणि तो आता जगात कुणालाही वाचायला खुला आहे. त्याच्या कर्त्यांच्या यादीत माझे नाव कौस्तुभच्या नावाला लागून आहे. मंडळात कुणी त्याबद्दल अभिनंदन केले की मी ताज्या माशाचा विषय काढते. माशाचे डोळे पाहावेत. ते खोल गेलेले नसावेत. एवढे मी आता शिकले आहे.

कौस्तुभ अजून मला ताईच म्हणतो. कॉफीला बोलावतो, मुलीचे फोटो दाखवतो. फक्त नव्या नमुन्याची नळी उघडण्याआधी दर वेळी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहतो. "ताई, जरा येता? साक्षीला." आमच्याकडे असा नियम नाही. पहिल्यांदा मला ती थट्टा वाटली, पण तो हसत नव्हता. मी उठते, पाच पावले चालते. तो नळीवरचा क्रमांक मोठ्याने वाचतो, मी तो वहीत पाहते आणि खाली सही करते. त्या वहीत आता माझ्या सह्यांची बरीच पाने झाली आहेत.

मागच्या महिन्यात मी धीर करून म्हटले, "कौस्तुभ, आता पुरे कर. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"माहितेय, ताई," तो म्हणाला, आणि वही माझ्याकडे सरकवून खिशातले पेन काढून दिले. "इथे. तारखेच्या खाली."